त्यानं दार वाजवलं का?

निशाची आत्या रविवारी जेवायला येणार हे कळल्यावर मी परदेशी सिनेमाला गेलो. परदेशी सिनेमाशी माझा जो काही संबंध आला तो एवढ्याच कारणानं आला, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढे आमच्या कॉलनीत, माझ्या विमा कचेरीत आणि पार कोडोलीला आमच्या मूळ गावीसुद्धा असा समज पसरला, की कुरण्यांच्या प्रसेनजीतला लहानपणापासून तो नाद होता.

माझ्या बायकोची आत्या तशी चांगली बाई आहे, पण ती जेवताना मुलाखत घेते. पहिल्या चपातीला पगार, दुसऱ्या चपातीला बढती, आणि भातावर आमटी अजून अर्धी वाढलेली असताना "मग घराचं काय ठरवलंय?" त्यामुळे डॉक्टर शिवानींनी दिलेला पास मला देवदूतासारखा भेटला. शिवानी माझ्या दाताच्या डॉक्टर. त्या गावात एक फिल्म क्लबही चालवतात. दाढ कोरता कोरता त्या सिनेमाविषयी बोलतात, आणि तोंड उघडं असल्यामुळे पेशंटला प्रत्येक मुद्दा मान्य करावा लागतो.

सिनेमा एका माणसाचा होता. तो विहिरीच्या काठावर बसलेला असतो. दिवस जातात, ऋतू जातात, तो बसलेला असतो. बाहेर मार्चचं ऊन, आत गारवा. मला मध्ये थोडा डोळा लागला. जागा झालो तेव्हा तो माणूस तिथंच होता, त्यामुळे माझं काही चुकलं नाही. नंतर चर्चा झाली. एकानं मौनावर सांगितलं, एकानं अवकाशावर, एक दाढीवाले गृहस्थ पाण्याच्या अनुपस्थितीवर बराच वेळ बोलले. मी चपला शोधत असताना शिवानी म्हणाल्या, "कुरणे, तुम्ही सांगा. सामान्य प्रेक्षक म्हणून."

सामान्य हा शब्द मला लागला. आत्याच्या तोंडून ऐकला असता तर एवढा लागला नसता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सिनेमा चांगला आहे. पण आमच्या कॉलनीत एखादा माणूस विहिरीवर इतका वेळ गप्प बसला असता, तर चार जणांनी दंडाला धरून त्याला घरी आणलं असतं. ह्या माणसाला शेजारी नाहीत, हीच त्याची अडचण दिसते."

सभागृह आधी शांत झालं, मग हसलं, मग टाळ्या वाजल्या. तिथं वर्तमानपत्राचा एक वार्ताहर होता. मंगळवारच्या अंकात माझं वाक्य चौकटीत छापून आलं आणि खाली लिहिलं होतं, 'चित्रपट अभ्यासक प्रसेनजीत कुरणे'. रविवारी मी सामान्य होतो आणि मंगळवारी अभ्यासक झालो. विमा कचेरीत एवढ्या वेळात साधी रजा मंजूर होत नाही.

संध्याकाळी विजयसिंह घरी आले. हे आमच्या कॉलनीचे अध्यक्ष. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाज असा की शेजारच्या गल्लीतल्या माणसालाही आपल्यालाच बोलावलं असं वाटावं. घरामागे दोन म्हशी पाळल्यात आणि कॉलनीचा कारभारही ते साधारण त्याच पद्धतीनं करतात. हातात ते वर्तमानपत्र होतं.

"कुरणेसाहेब, ह्यो तुम्हीच न्हवं?"

मी नम्रपणे हो म्हटलं.

"मग आमास्नी बी दाखवा की असला एखादा. कॉलनीचा वर्धापनदिन आलाय. गेल्या वर्षी ऑर्केस्ट्रा आणला, तर गाणं कमी आणि 'कोल्हापूरकर, आवाज' जास्त. अवंदा कायतरी अभ्यासाचं हुं दे."

माझी आई, शेवंताबाई, आतून लसूण सोलत ऐकत होती. तिनं मान हलवून नको अशी खूण केली. पण अभ्यासक हा शब्द पोटात गेला की माणसाला खुणा दिसत नाहीत. मी म्हणालो, "बघू." पुण्यामुंबईकडे बघू म्हणजे काय असतं मला माहीत नाही, कोल्हापुरात बघू म्हणजे ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या फळ्यावर विजयसिंहांच्या अक्षरात मजकूर आला: 'रविवारी सायंकाळी हॉलमध्ये परदेशी सिनेमा. खास आकर्षण. सर्वांना मुक्त प्रवेश.'

'खास आकर्षण' हे विजयसिंह सवयीनं लिहितात. रक्तदान शिबिराच्या फळ्यावरही त्यांनी ते लिहिलं होतं. पण त्या काळी, म्हणजे दोन हजार पाच सालाच्या सुमारास, आमच्या गावात 'परदेशी सिनेमा' ह्या शब्दाला एकच अर्थ होता. आणि तसले सिनेमे बघायला माणसं तोंडाला रुमाल बांधून दुपारच्या खेळाला जात. दिवेलागणीपर्यंत कॉलनीची नजर बदलली. कधी ओळख न दाखवणारे लोक माझा हात हातात घेऊन जरा जास्तच दाबायला लागले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हळू आवाजात पुढची खुर्ची राखून ठेवायला सांगितलं. विजयसिंहांच्या मंडळी संयोगिताताई भाजी द्यायच्या निमित्तानं आल्या आणि निशाला म्हणाल्या, "भावोजींची तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी आहे. का?"

"न्हाई, सहज इचारलं. ह्या वयात कुणाकुणाचं हुतं असं."

आई मला म्हणाली, "जितू, पेपरात नाव आलं तेवढं बास हुतं की रं."

मी लगेच खडू घेऊन फळ्यावर 'सहकुटुंब यावे' असं जोडलं. त्यानं प्रकरण आणखी चिघळलं. निदान बायकामुलांना तरी घरी ठेवायचं, इतकी लाज कुरण्यांना असेल असं वाटलं होतं, असं लोक बोलू लागले. शेवटी निशानं माझ्या हातातला खडू काढून घेतला. ती शाळेत भूगोल शिकवते. तिला फळ्याची सवय आहे. वर्धापनदिनासाठी शिवानींनी दिलेल्या सिनेमाच्या सीडीच्या कव्हरवर एका गाईचं चित्र होतं. निशानं परदेशी शब्द पुसला आणि लिहिलं, 'एका गाईची गोष्ट'. मुख्याध्यापकांनी त्याच संध्याकाळी राखीव खुर्ची परत केली. पण दूध घालणारी निम्मी कॉलनी मात्र मनापासून यायला तयार झाली.

आमच्या कचेरीतल्या एकानं मनात शंका घातली, की लोक जमवून सिनेमा दाखवायचा तर परवानगी लागते. मग मी एका सरकारी कार्यालयात गेलो. कार्यालय कोणतं ते सांगत नाही, कारण मला अजून तिथं कामं पडतात. टेबलापाशी गणपतराव नावाचे गृहस्थ बसले होते. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं.

"प्रसेनजीत? बंगाली काय?"

"नाही. कोडोली."

हे मला नेहमीच सांगावं लागतं. प्रसेनजित हा बुद्धाच्या काळचा कोसल देशाचा राजा. माझ्या वडिलांनी वाचनालयातून पुस्तक आणून, हौसेनं शोधून ठेवलेलं नाव. पण टेबलापलीकडच्या माणसांना कोसलपेक्षा कलकत्ता जवळ वाटतं.

"सिनेमा कुठल्या देशाचा?"

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मला दुसऱ्यांदा वेगळा उच्चार करता आला, पण बरोबर कोणता ते आम्हा दोघांनाही ठरवता येईना.

"त्या देशाचं आणि आपलं बरं हाय का?"

"वाईट असल्याचं ऐकलं नाही."

"मारामारी?"

"नाही."

"गाणी?"

"नाहीत."

"हिरॉइन?"

"एक गाय आहे म्हणतात."

गणपतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पावणं, मग परवानगीचं सोडा, माणसं येतील का त्येची काळजी करा. तिकीट हाय का?"

"नाही. कॉलनीतल्या कॉलनीत, फुकट."

"मग काय लागत न्हाई परवानगी."

"तसं लिहून देता का?"

"जी लागतच न्हाई ती लिहून कशी देऊ?"

"पण कुणी येऊन विचारलं तर?"

"तर तवा या."

मी विचारलं, की तेव्हा आलो तर लिहून द्याल का. ते म्हणाले, "तवा कशाला? तवर सिनेमा झालेला असंल की."

ह्या उत्तरात काहीतरी चूक होती, पण ती मला रिक्षात बसेपर्यंत सापडली नाही.

आता राहिला हॉल आणि मशीन. हॉलची किल्ली विजयसिंहांकडे. भिंतीवर मोठं चित्र पाडणारं मशीन, म्हणजे प्रोजेक्टर, आणि कर्णे बाळासोंकडे. कारण बाळासोंचा मांडवाचा आणि लाउडस्पीकरचा धंदा. बाळासो म्हणजे विजयसिंहांचे धाकटे सख्खे भाऊ. दोघांचे बंगले शेजारी, मध्ये एक भिंत. विजयसिंहांच्या मुलीच्या लग्नात पत्रिकेवर बाळासोंचं नाव मुलीच्या मामाच्या खाली छापलं गेलं होतं. सख्खा चुलता खाली आणि मामा वर. बाळासोंनी लग्नाला मांडव घातला, कर्णे लावले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. तेव्हापासून कित्येक वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. भिंतीवर काचा कुणी लावल्या ह्यावरही कॉलनीत दोन मतं होती.

बाळासो म्हणाले, "मशीन देतो. पर हॉल उघडायला मी त्येच्याकडनं किल्ली आणणार न्हाई."

"किल्ली मी आणतो."

"आणि हॉलात अध्यक्षानं आभार मानायचं न्हाईत. कुणी मागिटलेत आभार?"

विजयसिंहांकडे गेलो. ते म्हणाले, "किल्ली देतो. पर मशीन कुणाचं हाय ते मला सांगू नका."

"बाळासोंचं आहे."

"मला ऐकू आलं न्हाई."

एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला ऐकू कमी येतं हे मला नवीन होतं. रविवारपर्यंत मी त्या दोन फाटकांमध्ये इतक्या खेपा घातल्या, की बाळासोंचा कुत्रा मला बघून उठेनासा झाला.

ह्या सगळ्या धावपळीत सिनेमा आधी बघून ठेवावा हे राहून गेलं. म्हणजे मी सीडी लावून बघितली होती. चित्र येतं, आवाज येतो, बर्फ पडतंय, इतकं दिसलं आणि आईची मालिका सुरू व्हायची वेळ झाली म्हणून बंद केली. अभ्यासकाला एवढं पुरतं असं मला वाटलं.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. पडदा म्हणून संयोगिताताईंनी त्यांच्या लग्नातली मोठी पांढरी चादर दिली होती. तिच्या मधोमध एक मोर होता. धुऊन धुऊन फिका झालेला, पण गेलेला नव्हे. पहिल्याच दृश्यात लांबून चालत येणारा उंच म्हातारा बरोबर मोराच्या पोटातून बाहेर आला. विजयसिंह पुढच्या रांगेत डाव्या टोकाला, बाळासो मशीनशेजारी उजवीकडे. मध्ये अख्खी कॉलनी.

म्हातारा काहीतरी पुटपुटला. चित्राखाली अक्षरं उमटली. आणि मला घाम फुटला. शिवानी म्हणाल्या होत्या खाली भाषांतर येतं, आणि ते येत होतं. पण इंग्रजी नव्हतं. शेवयांची परडी उपडी व्हावी तशी कसली तरी लिपी होती. हॉलमधली सगळी डोकी हळूहळू माझ्याकडे वळली.

"कुरणेसाहेब," विजयसिंह म्हणाले, "सांगा की काय म्हणतोय."

आता हा प्रसंग असा, की सामान्य प्रेक्षक सरळ कळत नाही म्हणून मोकळा झाला असता. मी भिंतीजवळ उभा राहिलो आणि सांगायला लागलो. "हा ह्या शेताचा मालक. आज बर्फ फार आहे, असं तो म्हणतोय." म्हाताऱ्यानं गाईला वैरण घातली आणि तो गेला. मग दुसऱ्या दारातून एक बुटका माणूस आला, त्यानं धार काढली आणि तोही गेला. मी म्हणालो, "हा त्यांचा गडी." पुढे उंच म्हातारा डोळे मिटून पलंगावर पडला, आणि पुष्कळ वेळ हललाच नाही. असल्या सिनेमात माणसं लवकर मरतात हे मी ऐकून होतो. मी आवाज खाली आणून म्हणालो, "मालक गेले." बायका हळहळल्या. तेवढ्यात मालक उठले आणि त्यांनी पाव खायला घेतला.

"मेलतं न्हवं?" विजयसिंहांनी विचारलं.

"त्यांना तसं वाटलं होतं," मी म्हणालो. कुणाला ते मला माहीत नव्हतं.

मग दाखवलं, की एकाच घराला दोन दारं आहेत. एका खोलीत उंच म्हातारा जेवतोय, दुसऱ्या खोलीत बुटका. ताटात तेच, दोघं घास चावतात तेही तसंच, आणि मध्ये लाकडी भिंत. माझी आई दुसऱ्या रांगेत बसली होती. आईला कुजबुजणं येत नाही. ती म्हणाली, "गडी असता तर मालक एकदा तरी त्येला वरडला असता. परकी माणसं असती तर एकमेकाला शिव्या तरी घातल्या असत्या. सख्खे भाऊ हाईत ते, जितू."

हॉलमध्ये एकदम कुणी खोकेना. मशीनमधला पंखा तेवढा ऐकू येत होता. विजयसिंह मोराकडे बघत होते. संयोगिताताईंनी पदर तोंडाला लावला. मागे बघायची माझी छाती नव्हती, पण बाळासोंची खुर्ची करकरली ती मी ऐकली. परिस्थिती सावरायला हवी म्हणून मी घाईनं म्हणालो, "नाही नाही, भाऊ नव्हेत. हे भागीदार आहेत. सहकारी तत्त्वावर..." आणि पडद्यावर एक जुना फोटो आला. एक बाई, तिच्या दोन बाजूंना दोन पोरं, एक उंच, एक बुटका.

"भाऊच की," मागून कुणीतरी म्हणालं.

मी खाली बसलो. मला कुणी पुन्हा उभं राहायला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मी बसलोय हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर सिनेमा कॉलनीनंच सांगितला. गाय अडली तेव्हा दोघं भाऊ दोन दारांतून धावले आणि काही न बोलता वासरू ओढायला लागले, तेव्हा आमच्या हॉलमधून इतक्या सूचना गेल्या की त्या देशापर्यंत पोचल्या असतील. वासरू सुटलं तेव्हा टाळ्या पडल्या. बोलायचे आता, असं सगळ्यांना वाटलं. पण भाऊ हात धुऊन आपापल्या दारातून आत गेले. पुढे एके सकाळी बुटका, म्हणजे धाकटा, धार काढायला आलाच नाही. गाय हंबरत राहिली. थोरला आतून ऐकत होता. शेवटी तो उठला. त्याला धार काढता येत नव्हती. निम्मं दूध अंगावर, निम्मं बर्फात. कशीबशी किटली भरली आणि तो बर्फ तुडवत धाकट्याच्या दाराशी आला. उभा राहिला. दार बघत राहिला. मग त्यानं हात वर केला.

आणि लाइट गेली.

त्या उन्हाळ्यात भारनियमन जोरात होतं, पण आमची पाळी दुपारची असायची. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. लोक अंधारात बराच वेळ बसून राहिले. मग लहान मुलं रडायला लागली आणि सगळे हळूहळू घरी गेले.

खरा त्रास दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. दूध केंद्रावर, भाजीवाल्यापाशी, रंकाळ्यावर फिरायला गेलं तर तिथं, सगळ्यांचा एकच प्रश्न: त्यानं दार वाजवलं का? मी आणि निशानं घरी सीडी लावून शेवट बघितला. म्हातारा दाराशी येतो, हात वर करतो, चित्र काळं होतं आणि नावं सुरू होतात. लाइट गेली नसती तरी एवढंच होतं. मी पुन्हा मागे नेऊन बघितलं. मग शिवानींकडे गेलो.

"तोच तर सिनेमा आहे," त्या म्हणाल्या. "तोंड उघडा." मला मान्य करावं लागलं.

पण कॉलनीला मान्य होईना. मी शेवट सांगितला की लोक हसायचे. एकाला वाटलं सीडीला चरा गेलाय, एकाला वाटलं दुसरा भाग असेल, आणि बऱ्याच जणांची खात्री होती की मला कळलेलं नाही आणि मी ते झाकतोय. ज्या माणसाचं मत चौकटीत छापून आलं होतं, त्याला आता साधा शेवट सांगता येत नाही, अशी माझी ख्याती झाली. कचेरीत गडहिंग्लज शाखेतून फोन आला. मला वाटलं दाव्याचं काम असेल. नेसरीचा एक एजंट विचारत होता, "साहेब, त्या गाईच्या पिच्चरचं काय झालं शेवटी?"

गुरुवारी संध्याकाळी विजयसिंह आले. आत आले नाहीत, पायरीवरच उभे राहिले. आवाज इतका खाली, की मला आधी दुसरंच कुणी बोलतंय असं वाटलं.

"खरं सांगा. वाजवलं का त्येनं दार?"

"ते दाखवलेलं नाही."

"दाखवलं न्हाई ते कळलं मला. वाजवलं का?"

एक क्षण मला वाटलं, सांगावं हो म्हणून. कुणाचं काय जातंय? पण हा माणूस असा उभा होता, की त्याला थाप मारणं जड गेलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही हो, विजयसिंहराव."

"अभ्यासक म्हणं तुम्ही," एवढंच बोलून ते गेले. मी त्यांना मागून सांगितलं, की रविवारी सकाळी टीव्ही मोकळा असतो, या, स्वतःच बघा.

शुक्रवारी बाळासो कर्ण्यांच्या वायरी न्यायला आले. वायरी हॉलमध्ये होत्या आणि ते माझ्या घरी आले होते. वायर गुंडाळल्यासारखा हात फिरवत ते म्हणाले, "थोरला दारात आला हे खरं न्हवं?"

"आला."

"दूध द्यायला का बोलायला?"

मी त्यांनाही रविवारी या म्हणालो. पुढे लोक म्हणाले की कुरण्यांनी हे मुद्दाम जुळवून आणलं. तेवढी अक्कल मला असती तर मी सिनेमा आधी बघून ठेवला असता. रविवार सोडून आईच्या मालिका टीव्ही मोकळा ठेवत नाहीत, इतकंच खरं.

रविवारी सकाळी बाळासो आधी आले आणि सोफ्यावर बसले. पाठोपाठ विजयसिंह दारात. दोघांनी एकमेकांना बघितलं. विजयसिंह मागे वळणार, तेवढ्यात आई म्हणाली, "बसा की. उभ्यानं काय बघताय?" आईला नाही म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही. आमच्याकडे सोफा एकच. विजयसिंह त्याच्या दुसऱ्या टोकाला बसले, मध्ये मी.

मी शेवटचा भाग लावला. म्हातारा बर्फातून आला. दाराशी थांबला. हात वर केला. काळं. नावं.

"पुन्हा लावा," विजयसिंह म्हणाले. मी लावलं.

"सांगा त्यास्नी," बाळासो टीव्हीकडे बघत मला म्हणाले, "त्येनं वाजवलेलं न्हाई. हात वर करून परत गेलाय. थोरला हाय, दार वाजवायला कमीपणा वाटतोय त्येला."

मी उजवीकडून डावीकडे मान वळवली. सांगायची गरज नव्हती.

"त्यास्नी म्हणावं," विजयसिंह म्हणाले, "कमीपणा वाटला असता तर येवढ्या बर्फातनं आला असता का? अंगावर दूध सांडलंय त्येच्या. वाजवलंय त्येनं. आतल्यानं उघडलं न्हाई."

"आतला आजारी हाय म्हणावं. उठवत नसंल."

"आजारी हाय तर हाक मारायची न्हाई का? दादा म्हणून एक हाक मारली असती तर दार मोडून आत गेला असता ह्यो."

"कसा मारंल हाक?" बाळासो आता माझ्याकडे नव्हे, माझ्यावरून बघत होते. "इतकी वर्सं ह्यानं इचारलं का, की बाबा तू जेवलास का? लोकाच्या देखत नाव खाली घातलं आणि वर..."

"छापखान्यावाल्याची चूक हुती ती."

"आणि तू काय केलंस? छापून आल्यावर पत्रिका वाचली न्हाईस?"

"वाचली. सगळ्या वाटून झाल्यावर वाचली. मग तुझ्या दारापतूर आलतो मी. दिवा लागल्याला हुता आत. तासभर हुबा हुतो."

टीव्हीवर अजून नावं सरकत होती.

"मग वाजवायचं हुतं की," बाळासो म्हणाले. "तुझ्या हाताला काय झालतं, दादा?"

"तू उघडलं असतंस?"

"मला काय म्हाईत? वाजवलं असतंस तर कळलं असतं."

निशा चहा घेऊन दारात थबकली होती. आईनं तिला हातानंच थांब म्हटलं. विजयसिंह दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि बाळासो डोळे पुसायचे नाहीत म्हणून नाक पुसत होते. मधल्या माणसाची फार अडचण होते अशा वेळी. काहीतरी बोललं पाहिजे असं मला वाटलं. बोलण्यासारखंही होतं, हात आणि दार ह्यांच्यामधल्या अंतरावर एक मुद्दा मला नुकताच सुचला होता, आणि तो चौकटीत छापण्याच्या योग्यतेचा होता. मी घसा साफ केला.

"माझ्या मते दिग्दर्शकाला इथे असं म्हणायचंय..."

"तुम्ही थांबा हो जरा," बाळासो म्हणाले.

"सरका तिकडं," विजयसिंह म्हणाले.

मी उठून आईशेजारी खालच्या सतरंजीवर बसलो आणि त्या दोघांनी पहिल्यापासून भांडायला सुरुवात केली.